ड्रेजर येण्याआधी खडप मोजा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र सागरी मंडळ,
मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य,
आणि कांदळवन कक्षातले अधिकारी व कर्मचारी

सस्नेह नमस्कार. वाढवण बंदराच्या कामासोबत किनाऱ्यावर येऊ शकणाऱ्या परक्या जिवांबद्दल हे पत्र आहे.

गेली वीसेक वर्षं माझं घर घड्याळावर नाही, ओहोटीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी दूरवर हटतं आणि एरवी न दिसणारं खडप, म्हणजे किनाऱ्यालगतचा खडकाळ पट्टा, दोन-तीन तास उघडं पडतं. तेवढ्या वेळात मी एक लोखंडी चौकट खडकावर ठेवते आणि तिच्या आत जे जे जिवंत आहे ते मोजते. शंख, कालवं, बार्नकल, स्पंज, शेवाळ, खेकड्याची पिल्लं. सागरी परिसंस्थेचा अभ्यास म्हटलं की लोकांना बोटी आणि पाणबुडे दिसतात. माझा बराचसा अभ्यास गुडघे टेकून, वाकून, मोजण्यात गेला.

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत अशीच मोजत होते. शेजारी एक मावशी कालवं काढत होत्या. डाव्या हाताने खडक चाचपायचा, उजव्या हातातल्या कोयतीच्या टोकाने वरची शिंप उचकटायची, आतलं मांस बोटाने डब्यात. डोळे माझ्याकडे, बोलणं चालू, हात आपलं काम करतोय. बोलता बोलता त्या थांबल्या. जेट्टीच्या कामाला आलेल्या एका बार्जचा, म्हणजे सपाट तळाच्या सामान वाहणाऱ्या बोटीचा, तुटका दोर गाळात पडला होता. तो त्यांनी उचलला आणि माझ्यापुढे धरला. दोरावर शिंपल्यांचा गच्च थर होता. काही तांदळाच्या कणीएवढ्या, काही नखाएवढ्या, एकमेकींच्या पाठीवर चढलेल्या. 

"ताई, ही आमची नाय," मावशी म्हणाल्या. "आमची मी अंधारात हात लावून वलखीन."

दोराचा तुकडा मी पिशवीत घालून आणला. भिंगाखाली एक शिंपली उघडली. निमुळत्या टोकाशी, आतल्या बाजूला, एक इवलीशी फळी होती, कोनाड्यातल्या फळीसारखी. आपल्या हिरव्या शिनाण्यांना ती नसते. लहान शिंपल्यांच्या पाठीवर नागमोडी काळपट रेघा होत्या. मायटिलॉप्सिस सॅलेई. मूळ गाव कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखाताकडचा भाग. भारतात हा शिंपला विशाखापट्टणमच्या बंदरात १९६७ साली सापडला आणि १९७०च्या दशकात मुंबई बंदरातून त्याची नोंद झाली. म्हणजे मला नवं काही सापडलं नव्हतं. नवं एवढंच होतं की तो एका बार्जच्या दोरावर बसून, कुणीही न विचारता, एका लहान खाडीत येऊन पोचला होता आणि त्याची पहिली नोंद एका कालवं काढणाऱ्या बाईने केली होती.

ही माहिती मी तेव्हा एका कार्यालयाला कळवली होती. पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं, मग फोनवर विचारणा झाली की ह्या शिंपल्या खायच्या असतात का. नाही म्हटल्यावर विषय संपला. राग धरून हे लिहीत नाही. त्या कार्यालयातल्या माणसाला या कामासाठी कुणी नेमलेलंच नव्हतं, तो बिचारा काय करणार? आज आपणा सर्वांना एकत्र हे पत्र लिहिण्याचं कारण तेच आहे. किनाऱ्यावर परका जीव येऊन बसला तर तो कुणाचा विषय, हे आपल्याकडे ठरलेलं नाही. आणि पालघरच्या किनाऱ्यावर वाढवणला देशातलं सर्वांत मोठं बंदर उभं राहतंय.

आधी हे जीव येतात कसे ते थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी मागणी त्यावर उभी आहे. रिकामं जहाज समुद्रात डळमळतं, म्हणून माल उतरवला की त्याच्या पोटातल्या टाक्यांमध्ये बंदराचं पाणी भरून घेतात. पुढच्या बंदरात माल चढवताना ते पाणी सोडून देतात. या पाण्याला बॅलास्ट म्हणतात. मोठ्या जहाजात ते हजारो टन असतं आणि त्यात एका बंदराची अळ्या, अंडी, सूक्ष्म शेवाळ, जिवाणू अशी सगळी वस्ती असते. दुसरी वाट जहाजाच्या तळाची. पाण्याखालच्या लोखंडावर आधी चिकट साय धरते, मग बार्नकल बसतात, त्यांच्या आडोशाने शिंपले, स्पंज, किडे. पाणी आत घेण्याच्या जाळीमागचे कोनाडे, सुकाणूची फट, नांगराच्या साखळीची पेटी, जिथे रंग आणि ब्रश पोचत नाही तिथे ही मंडळी निवांत राहतात. बॅलास्टबद्दल आता सगळेच बोलतात. तळाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते आपल्या किनाऱ्याला येत्या दहा वर्षांत जास्त धोका तळाचाच आहे.

परका आला म्हणजे वाईटच, असं मी म्हणत नाही. मिरची आणि काजू पोर्तुगीजांच्या जहाजातूनच आले, आणि कोकण आज काजूवर जगतंय. समुद्रातून वाहून आलेले बहुतेक जीव आपल्याकडे तगतच नाहीत. आपला पावसाळा हा फार कडक पहारेकरी आहे. जूनमध्ये नद्यांना पूर आला की खाडीतलं खारं पाणी दहा दिवसांत गोडं होतं आणि नुसत्या खाऱ्या पाण्याला सवकलेले पाहुणे मरून जातात. पण मायटिलॉप्सिससारखे काही जीव गोड्या पाण्यातही जगतात आणि समुद्राहून खारट पाण्यातही. महिन्याभरात वयात येतात. भर पावसात आपली कालवं धापा टाकत असतात तेव्हा यांना मोकळी जागा मिळते. म्हणजे ज्या पहारेकऱ्यावर आपण शेकडो वर्षं विसंबलो, त्यालाच चकवणारे हे जीव आहेत.

आता याच शिंपल्याची एक गोष्ट, जी मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचं शहर आहे. १९९८च्या सप्टेंबरच्या सुमारास तिथल्या बंदराची पाहणी झाली होती. पाण्याखाली काय काय आहे, याची यादी केली गेली. त्या यादीत मायटिलॉप्सिस नव्हता. सहा महिन्यांनी, मार्च १९९९मध्ये, पाणबुडे पुन्हा उतरले तेव्हा तिथल्या एका खासगी बोटींच्या धक्क्यावर तो थरच्या थर बसलेला होता. एका चौरस मीटरला दहा हजारांहून जास्त. सहा महिन्यांत, शून्यातून. लगेच शोध घेतला तेव्हा एकूण तीन धक्क्यांत तो निघाला. सरकारने काही दिवसांत ते धक्के बंद केले, तिथून बाहेर पडलेल्या शेकडो बोटी हुडकून काढून तपासल्या, आणि बंद केलेल्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद टाकून त्यातलं सगळं जिवंत मारलं. मासे, खेकडे, सगळं. चार आठवड्यांच्या आत शिंपला संपला. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला. समुद्रात पसरू लागलेला परका जीव पूर्ण उखडून काढल्याची जगात फार थोडी उदाहरणं आहेत, त्यातलं हे एक.

हे जमलं ते दोन गोष्टींमुळे. एक, आधीची यादी होती. सप्टेंबरमध्ये नव्हता हे माहीत होतं, म्हणून मार्चमध्ये दिसला तो नवा आहे हे एका दिवसात कळलं. यादी नसती तर तज्ज्ञांचा पहिला महिना "हा इथलाच तर नव्हे?" या वादात गेला असता, आणि तेवढ्या वेळात त्याची दुसरी पिढी पाण्यात आली असती. दोन, डार्विनला भरती-ओहोटीतला फरक सात-आठ मीटर असल्यामुळे त्या धक्क्यांना दारं होती. पाणी अडवणारी, बंद होणारी लोखंडी दारं. ती लावली आणि आतलं पाणी समुद्रापासून तोडलं.

आपल्या खाड्यांना दारं नाहीत. मुंबईत इंदिरा गोदीला आहेत, पण मुंबईचा शिंपला केव्हाचाच गोदीबाहेर गेला आहे. डहाणूच्या, सातपाटीच्या, दाभोळच्या, जैतापूरच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. तिथे विष टाकता येत नाही आणि टाकूही नये. म्हणजे आपल्या हातात दोनांपैकी एकच गोष्ट आहे, आधीची यादी आणि लवकर ओळखणं. ती एकमेव गोष्टही आपण करत नाही.

उशीर झाला तर काय होतं ते बघायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. तिथल्या तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांची मासेमारी इतकी शिस्तीत चाले की २०१४ साली तिला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिल्यांदा. जाळ्याची आस किती, बंदीचे महिने कोणते, हे मच्छीमारांनी बसून ठरवलेलं होतं. त्यानंतर थोड्याच वर्षांत मायटेला स्ट्रिगाटा हा दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा शिंपला तिथे पसरला. तो नुसता खडकाला चिकटत नाही, गाळावरही बसतो. रेशमासारख्या तंतूंनी एकमेकांना बांधून घेत तळावर जाजम अंथरतो. जाजमाखाली गाळ अडकतो, आणि गाळात नाक वर काढून श्वास घेणाऱ्या तिसऱ्या खाली गुदमरतात. ज्या लोकांनी सगळे नियम पाळले, त्यांचंच नुकसान झालं. मला ही गोष्ट फार लागते. मच्छीमारांना आपण नेहमी सांगतो की जपून काढा, पिल्लं सोडा, उद्यासाठी ठेवा. अष्टमुडीच्या लोकांनी ठेवलं होतं.

तोच शिंपला पुढे तमिळनाडूत चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीत आणि पुलिकतकडे पोचला. तिथले मच्छीमार त्याला काक्का आळी म्हणतात. खाडीच्या तळावर त्याची चादर पसरल्यामुळे कोळंबीला गाळात शिरता येईना, हाताने कोळंबी पकडणाऱ्यांचे हात कापू लागले. लोकांनी आंदोलनं केली, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं, आणि शिंपला खरवडून काढायची योजना करायची वेळ सरकारवर आली. खाडीचा तळ खरवडायचा म्हणजे त्यासोबत तिथलं बाकीचं जिवंतही जाणार, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं काढणाऱ्या बहुतेक बायका आहेत. त्यांच्याकडे बोट नाही, परवाना नाही, त्यामुळे मासेमारीच्या आकडेवारीत त्या धड दिसत नाहीत. बाजारात पाटी घेऊन बसतात तेव्हाच काय त्या दिसतात. एखाद्या खाडीतल्या तिसऱ्या पाच वर्षांत निम्म्या झाल्या तर ते कुठल्याही कागदावर उमटणार नाही. घरात मात्र उमटेल. मुलीची फी, चुलीचा गॅस, देवीच्या जत्रेची साडी, हे सगळं त्या पाटीतून येतं.

आता वाढवण. बंदर हवं की नको हा वाद या पत्रात मी काढत नाही. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा विरोध मी वर्षानुवर्षं जवळून पाहिला आहे आणि त्यांची पुष्कळ कारणं मला पटतात. पण २०२४च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली, सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प आहे, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि सागरी मंडळ त्यात भागीदार आहेत. ज्यांच्या हातात काम आहे त्यांच्याकडेच मागणी करावी लागते.

बंदराची चर्चा होते तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पहिलं मोठं कंटेनर जहाज असतं. त्या जहाजाची मला तितकी धास्ती नाही. त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि ८ सप्टेंबर २०१७पासून अमलात आला. काळ्या समुद्रात १९८०च्या दशकात अमेरिकेकडचा एक कंगवा-जेली, जेलीफिशसारखा दिसणारा जीव, जहाजांतून आला आणि तिथल्या हमसी नावाच्या लहान माशांचा धंदाच बसला, तशा अनेक आपत्तींतून शिकून हा करार झाला. त्यातला नियम सांगतो की सोडलेल्या पाण्याच्या एका घनमीटरमध्ये ५० मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या विसाव्या भागाहून) मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमीच असले पाहिजेत. त्यासाठी जहाजावर गाळणी आणि अतिनील किरणांची किंवा क्लोरीनची यंत्रणा बसवावी लागते. तपासणी नेटाने केली तर ही वाट बरीचशी अडते. शिवाय कंटेनरची जहाजं एकाच बंदरात माल उतरवतात तसा चढवतातही, त्यामुळे कोळसा किंवा खनिज नेणाऱ्या जहाजांच्या मानाने ती पाणी कमी सोडतात.

माझी धास्ती त्या जहाजाच्या कितीतरी आधी येणाऱ्यांची आहे. ड्रेजर (तळाचा गाळ-वाळू उपसणारी जहाजं), हॉपर बार्ज (ते उपसलेलं पोटात भरून वाहणारे बार्ज), टग (ओढणाऱ्या बोटी), तरंगत्या क्रेन, खांब ठोकणारे तराफे. वाढवणला समुद्रात १,४०० हेक्टरांहून जास्त भराव घालायचा आहे, आणि त्यासाठी दमणच्या समुद्रातून वाळू उपसून आणायची योजना आहे. म्हणजे वर्षानुवर्षं ही यंत्रं त्या किनाऱ्यावर मुक्कामाला असणार. परक्या जिवांच्या दृष्टीने यांच्यापेक्षा चांगली गाडी नाही. ती संथ चालतात, म्हणून तळावर बसलेलं काही धुऊन जात नाही. एका कामावरून सुटली की दुसरं काम मिळेपर्यंत कुठल्यातरी खाडीत महिनोन् महिने उभी राहतात, तेवढ्यात तळ भरून येतो. मग उथळ पाण्यात, किनाऱ्याला अगदी लागून, खडपाच्या शेजारी येऊन कामाला लागतात. हॉपरच्या कोपऱ्यात मागच्या कामाचा गाळ असतो तो वेगळाच.

आणि यातलं बरंच सामान परदेशातून नाही, आपल्याच बंदरांतून येतं. इथे कायद्याला मोठी फट आहे. बॅलास्टचा करार एकाच देशाच्या पाण्यात फिरणाऱ्या जहाजांना आपोआप लागू होत नाही, त्या देशाने तसं ठरवलं तरच होतो. तळावरच्या जिवांबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं २०११पासून आहेत, २०२३ला ती सुधारली, पण ती ऐच्छिक. म्हणजे कोचीहून किंवा एन्नोरहून निघालेला बार्ज तळाला मायटेलाचं जाजम घेऊन पालघरला आला, तर त्याला अडवून "तळ दाखव" म्हणायला कुणी नाही. परदेशी पाहुण्याला आपण दारात उभं करतो. घरच्या माणसाच्या चपलेला काय लागलंय ते बघत नाही.

हे अडवता येतं, येत नाही असं नाही. न्यूझीलंडने २०१८पासून प्रत्येक जहाजाला तळ स्वच्छ असल्याचा पुरावा सक्तीचा केला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बॅरो बेटावर २००९ साली वायुप्रकल्पाचं काम सुरू झालं तेव्हा ते बेट राखीव निसर्गक्षेत्र असल्यामुळे बांधकामाची बोट, बार्ज, यंत्र, सगळं तपासल्याशिवाय किनाऱ्याला लागू दिलं गेलं नाही. प्रकल्प थांबला नाही. ठेकेदारांनी करारात अट होती म्हणून ती पाळली. डहाणू तालुकाही पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१पासून अधिसूचित आहे. तिथल्या कामाच्या निविदेत तळ तपासणीची अट घालायला नवा कायदा लागत नाही, एक परिच्छेद लागतो. येण्याआधी तीस दिवसांत कोरड्या गोदीत किंवा पाणबुड्यांकडून तळ साफ केल्याचा दाखला, पाण्याखालचे फोटो, हॉपर धुतल्याची नोंद, आणि खरवडलेला मळ पुन्हा समुद्रात न टाकता वर गोळा केल्याचा पुरावा. मुंबईहून येणाऱ्या टगलाही तीच अट आणि रॉटरडॅमहून येणाऱ्या ड्रेजरलाही तीच.

दुसरी मागणी मोजण्याची, जी माझ्या जिवाभावाची आहे.

पर्यावरण परिणामाचे अहवाल होतात, त्यात सागरी जिवांच्या याद्या असतात, हे मला माहीत आहे. त्या मंजुरीसाठी केलेल्या याद्या असतात. ठराविक ठिकाणी, ठराविक दिवस नमुने घेतले आणि काम झालं. मला हवी आहे ती चालू राहणारी यादी. वाढवणपासून उत्तरेला उंबरगावच्या बाजूला आणि दक्षिणेला सातपाटीपर्यंत खडपांवर, खाड्यांत आणि कांदळवनात ठरलेल्या जागा, त्याच जागी दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला मोजणी. जोडीला दोरीला बांधून पाण्यात सोडलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. हाताच्या पंजाएवढी पट्टी, महिन्याभराने वर काढायची, तिच्यावर कोण येऊन बसलं ते पाहायचं. नवा पाहुणा भिंतीवर दिसायच्या आधी पट्टीवर दिसतो. याला ना मोठी बोट लागते, ना परदेशी यंत्र. रत्नागिरीच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली आणि पालघर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतली मुलं हे काम उत्तम करतील. ओळख पटवायला पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

या राष्ट्रीय संस्थेचं नाव मुद्दाम घेतलं. २०००च्या सुमारास जगातल्या सहा बंदरांत बॅलास्टचा एक आंतरराष्ट्रीय पथदर्शी प्रकल्प झाला. चीनमधलं दालियान, इराणचं खार्ग बेट, युक्रेनचं ओडेसा, दक्षिण आफ्रिकेतलं साल्दाना, ब्राझीलचं सेपेटिबा आणि आपली मुंबई. मुंबई बंदराची पायाभूत पाहणी तेव्हा या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केली. म्हणजे हे काम कसं करायचं हे पंचवीस वर्षांपूर्वी आपण जगाच्या बरोबरीने शिकलो होतो. पद्धत आहे, माणसं आहेत. सतत लागणारा थोडासा पैसा आणि तो देण्याची जबाबदारी एवढंच कुणाच्या नावावर नाही. ७६ हजार कोटींच्या प्रकल्पात हा खर्च शोधावा लागेल इतका लहान आहे.

तिसरी गोष्ट, मावशींची. किनाऱ्यावर रोज हात घालणाऱ्या बायकांना या कामात घ्या आणि त्यांना त्याचे पैसे द्या. जनजागृती शिबिर, टोपी, वडापाव आणि प्रमाणपत्र नको. महिन्याचं मानधन, ओळखपत्र, आणि नवं काही दिसलं तर ते ठेवायला स्पिरिटची बाटली. गावोगाव दोन-दोन जणी पुरे. त्यांच्या भाषेतली, फोटोसकट, आपल्या शिंपल्यांची आणि येऊ शकणाऱ्या परक्यांची एक पुस्तिका मी आणि माझे विद्यार्थी विनामोबदला करून देऊ. नावं त्यांचीच वापरू, कारण एकाच शिंपलीला वसईत एक नाव आणि वेंगुर्ल्यात दुसरं. कॅलिफोर्नियात २००० साली एका खाजणात परकं शेवाळ सापडलं ते समुद्री गवत मोजायला उतरलेल्या पाणबुड्याला. सतरा दिवसांत त्याच्यावर ताडपत्र्या घालायला सुरुवात झाली आणि सहा वर्षांनी ते संपल्याचं जाहीर झालं. त्याच जातीचं शेवाळ मोनॅकोत १९८४ साली जेमतेम एक चौरस मीटर होतं. कुणी हात लावला नाही, आणि ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर पसरलं. फरक शेवाळात नव्हता. एका ठिकाणी रोज बघणारा माणूस होता आणि त्याचं ऐकणारं कार्यालय होतं.

ऐकणारं कार्यालय ही शेवटची मागणी. एक अधिकारी नेमा, नावानिशी. नवा जीव सापडल्याची खबर आली की नमुना किती दिवसांत कुठे जाईल, ओळख कोण पटवेल, जवळची जहाजं कोण थांबवेल, जेट्टी बंद ठेवायची तर सही कुणाची, हे आधीच कागदावर असू द्या. आणि सगळी मोजणी मराठीत, लोकांना बघता येईल अशी ठेवा. एखाद्या वर्षी काहीच सापडलं नाही तर "काही सापडलं नाही" हेही छापा. डार्विनमध्ये कामी आलं ते नेमकं हेच होतं, सप्टेंबरमधलं "सापडलं नाही".

हे सगळं पहिला ड्रेजर नांगर टाकायच्या आधी व्हायला हवं. जिथे काम सुरू झालं असेल तिथे पुढच्या ओहोटीपासून. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा असे तीन हंगाम तरी मोजल्याशिवाय यादीला अर्थ येत नाही, कारण आपलं खडप ऑगस्टमध्ये वेगळं असतं आणि फेब्रुवारीत वेगळं.

दोराचा तो तुकडा माझ्या टेबलावर बाटलीत आहे. शिंपल्यांचा रंग उडून त्या पांढुरक्या झाल्यात, पण तंतू अजून दोराला घट्ट धरून आहेत. मावशी मागच्या वर्षीपर्यंत त्याच खाडीत भेटत होत्या. दर वेळी विचारायच्या, "ताई, त्या पत्राचं काय झालं?"

आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा माझ्याबरोबर यावं. येत्या पौर्णिमेला पाणी सकाळी हटेल, उजाडताच खडपावर असायला हवं. मोजायची चौकट मी आणीन, कालवं काढणाऱ्या दोघी-तिघी बरोबर असतील. जाड तळाच्या जुन्या चपला घालून या, कालवांच्या धारेने पाय कापतो. आणि निविदेच्या मसुद्याची एक प्रत बरोबर आणलीत, तर तळ तपासणीचा तो परिच्छेद आपण तिथेच बसून लिहू.

आपली,
किनाऱ्यावरची एक सागरी परिसंस्था अभ्यासक